तांबोशीने पाहिलेला आपला रंग

समुद्रात बुडालेल्या एका डोंगराच्या उतारावर वीतभर लांबीची एक तांबोशी मासळी राहत असे. तिची कपार शंभर वाव खोल पाण्यात होती. माणसाने दोन्ही हात पसरले की होते तेवढी लांबी म्हणजे एक वाव. मुलांनो, सूर्याच्या उजेडातला तांबडा रंग इतक्या खोल पोहोचतच नाही. भर दुपारीही तिथे अंधूक निळसर उजेड असतो, आणि तांबडी वस्तू त्यात काळी दिसते. म्हणून तांबोशी स्वतःला काळी समजत असे. शेजारच्या कपारीतला खेकडाही तिला "ए काळे" अशीच हाक मारी.

एकदा एक म्हातारे कासव बुडी मारून तिथवर आले. ते तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "तू तर तांबडी."

"तांबडी म्हणजे कशी?"

कासव म्हणाले, "ते सांगून कळायचं नाही. तुझ्या जातीची एक मासळी गळाला लागून वर आलेली मी पाहिली आहे. इतकी तांबडी की बघत राहावं. पण तू वर येऊ नकोस, बाळ. तिच्या पोटातली हवेची पिशवी एवढी फुगली होती, की जठर तोंडातून बाहेर आलं होतं. ती वाचली नाही."

"ऐकलंस ना?" खेकडा म्हणाला. "मीही काळाच आहे. माझं काही अडलंय का? मिळेल ते खावं आणि गप्प पडावं."

तांबोशीने मात्र कासवाला विचारले, "आजोबा, तिला वर यायला किती वेळ लागला?"

"दोरी ओढायला लागतो तेवढा."

कासव निघून गेले. तांबोशी त्या उत्तराचा विचार करत राहिली. दुसऱ्या दिवशी ती दोनच वाव वर गेली. पोट ताठ झाले, अंग आपोआप वर तरंगू लागले. तिने शेपटी मारत स्वतःला कशीबशी खडकाजवळ धरून ठेवले आणि वाट पाहिली. बऱ्याच वेळाने पिशवीतली जादा हवा रक्तात जिरली आणि पोट सैल पडले. मग ती आणखी दोन वाव चढली, पुन्हा थांबली. असा तिचा क्रम चालला. एकदा कोळंबीच्या मागे लागून ती पाच वाव चढून गेली. तेव्हा डोळे बाहेर येतात की काय असे तिला झाले आणि ती तशीच खाली परतली. सगळे पाणी निळ्याचे हिरवट होईपर्यंत असे बरेच दिवस गेले.

पाण्याचा पृष्ठभाग चार वावांवर राहिला तेव्हा तिने अंग वाकवून शेपटीकडे पाहिले. शेपटी काळी नव्हती. असा रंग तिने जन्मात पाहिला नव्हता. ती एकदा डावीकडे वळून पाही, एकदा उजवीकडे. इतक्यात दुरून एका सुरमईनेही तो रंग पाहिला आणि ती सरळ तिच्यावर आली.

तांबोशीने खाली तोंड केले. चढताना थांबावे लागत होते, उतरताना ते बंधन नव्हते. दहा वाव खोलीवर तिचा रंग मळकट झाला. सुरमईचे दात शेपटीला घासून गेले, कल्ल्याएवढा तुकडा निघाला. वीस वावांवर तांबोशी खडकाच्या सावलीसारखी काळी झाली आणि तिथेच निश्चल राहिली. सुरमई तिच्या अंगावरून दोनदा गेली. तिला काही दिसले नाही. ती वर निघून गेली.

तांबोशी कपारीत परतल्यावर खेकडा म्हणाला, "शेपटी घालवून आलीस. काय मिळालं?"

"वर मी तांबडी आहे, म्हणून सुरमई मला खायला आली. इथे तोच रंग काळा होतो, म्हणून सुटले. आता इथे मोकळ्या पाण्यात हिंडायला मला भीती वाटणार नाही." मग ती त्याच्याकडे निरखून पाहत म्हणाली, "खेकडेभाऊ, तुम्हीही काळे नसाल."

 खेकड्याने एक नांगी डोळ्यांसमोर धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. मग त्याने विचारले, "चालत वर गेलं तर किती दिवस लागतील?"

तात्पर्य : स्वतःची ओळख धीराने, थांबत थांबत करून घ्यावी, आपला कोणता गुण कुठे घात करतो आणि कुठे सांभाळतो, हे मग कळते.