सोपानरावांनी टेंडर जोडलं

रेल्वे फाटकाला खेटून एक गाव होतं आणि त्या गावाला एक भोळा जावई होता. नाव सोपानराव. सांगितलेलं काम ते तंतोतंत करायचे. सगळी पंचाईत तिथेच होती.

सासरे खंडूअण्णा निवृत्त इंजिन ड्रायव्हर. यंदा गणपतीपुढे वाफेचं छोटं इंजिन रुळावर धावतं करायचं, असं त्यांनी ठरवलेलं. इंजिन तयार होतं. राहिलं होतं टेंडर, म्हणजे इंजिनामागचा कोळशा-पाण्याचा डबा. त्याचे सुटे भाग पेटीत आले होते, आणि नेमकं तेव्हाच अण्णांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. त्यात शेजारचे निकम गार्ड गावभर सांगत सुटलेले, "आरतीच्या आत खंडूची गाडी धावली, तर मी त्याला सलाम ठोकीन. नाही धावली, तर त्याने मला ठोकायचा."

ड्रायव्हरने गार्डला सलाम! अण्णांना घास गिळवेना.

शेवटी गणपतीच्या सकाळी, डोळ्यांवर हिरवी पट्टी बांधून, त्यांनी खाटेवरून हुकूम सोडला. "जावईबापू, टेंडर तुम्हीच जोडा. आधी पेटीतलं सगळं साबणाने धुऊन घ्या. तेलकट असतं."

सोपानरावांनी पत्रे धुतले. चाकं धुतली. कसं जोडायचं ते छापलेला कागदही धुतला, चोळून चोळून. त्याचा लगदा झाला.

"अरे गाढ..." हे कळताच अण्णा उसळले.

"अहो, जावई आहेत!" सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या.

अण्णांनी उरलेली शिवी गिळली. "असू दे. मी सांगतो तसं करा, जावईबापू. पत्रे सोल्युशनने घट्ट चिकटवा. हलता कामा नयेत."

सोपानरावांनी पत्रे चिकटवले. मग चाकंही चिकटवली.

"फिरतात का चाकं?"

"छे! हलतसुद्धा नाहीत, मामा."

"अरे बैल..."

"अहो, जावई आहेत!"

"जावईबापू," अण्णा दात आवळून म्हणाले, "चाक फिरलं पाहिजे. खरवडा ते सोल्युशन. गाडी पळवायची तर तेल घालावं लागतं."

सोपानरावांनी चाकं मोकळी केली, तेल घातलं. गाडी पळते रुळावरून, म्हणून रुळांनाही तेल चोपडलं. इंजिन लावून पाहिलं तर चाकं गरगर फिरताहेत आणि इंजिन जागच्या जागी.

"अरे म्हसोब..."

"अहो, जावई आहेत!"

"पुसा ते. रुळाला तेल नसतं लावायचं. घसरायला लागलं, की आम्ही वाळू टाकत असू वाळू!"

रूळ पुसून सोपानराव पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. तिथे सासूबाईंनी मोदकांवर तूप सोडलेलं. मोदक ताटात घसरत होते.

"अरे मेल्या, वाळू टाकलीस मोदकांवर?" सासूबाईंनी झारा उगारला.

"अगं, जावई आहेत!" खाटेवरून अण्णा.

मोदक पुन्हा वळायला घेतले. सोपानरावांच्या हातात रंगवलेलं टेंडर देऊन त्यांना घराबाहेर काढलं. अण्णांनी बजावलं, "मोकळ्या वाऱ्यावर वाळवा. आणि एवढं ध्यानात ठेवा. टेंडर लावल्याशिवाय इंजिन पुढे काढायचं नाही. कोळसा नाही, पाणी नाही, चालेल कशावर?"

सोपानराव फाटकापाशी वाऱ्यावर उभे राहिले. सिग्नलला एक मोठं इंजिन एकटंच थांबलं होतं. सोपानराव त्याच्यामागे जाऊन आले.

"अहो ड्रायव्हरसाहेब, तुमचं टेंडर कुठंय?"

"डिझेल आहे हे, पाव्हणं. त्याला लागत नाही."

"आमचे मामा जन्मभर ड्रायव्हर होते. ते म्हणतात, लागतं."

"मग लावा तुमच्या हाताने!" ड्रायव्हर हसला आणि त्याने डोकं आत घेतलं.

संध्याकाळी समया लागल्या. आळी गोळा झाली. निकम गार्ड छाती काढून पुढेच बसले.

"जावईबापू, टेंडर लावलंत?"

"लावलं, मामा. सोल्युशनने. घट्ट."

"शाब्बास! इंजिन ओढतंय ना?"

"ओढतंय म्हणजे? शिट्टी मारून गेलं!"

अण्णांचा हात इंजिनावरून मागे सरकला. मागे काहीच नव्हतं. "अहो, गेलं कुठे?"

"आता भुसावळच्या पुढे असेल," सोपानराव म्हणाले आणि निकम गार्डांकडे वळले. "काय गार्डसाहेब, आरतीच्या आत धावली ना? उठा, ठोका सलाम!"