भल्लाताचा डाग

कृतयुग सरत आले होते आणि त्रेतायुगाची चाहूल अजून कुणाला लागली नव्हती, त्या संधिकाळात सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, क्षीरा नावाच्या नदीच्या तीरी, महर्षी औपगवांचा आश्रम होता. एका बाजूस नारळीची बने, दुसऱ्या बाजूस चिंचा आणि बेहडे, मध्ये शेणाने सारवलेली विस्तीर्ण यज्ञभूमी, आणि प्रातःकाळी होमधूम वर चढू लागला की सारा डोंगर धुक्याची शाल पांघरून वेदघोष ऐकत बसल्यासारखा दिसे. होमाच्या वेळी तिथली वानरेसुद्धा फळे कुरतडणे थांबवीत, असे जुने लोक सांगतात. वानरांची जात पाहता मला ते जरा अवघड वाटते. पण तपाचे सामर्थ्य मोठे असते, तेव्हा असेलही.

पर्णकुटीच्या अंगणाला लागूनच भल्लातकाचा एक विशाल वृक्ष होता. आपण ज्याला बिब्बा म्हणतो, तोच हा. मात्र आजच्या बिब्ब्यावरून त्याची कल्पना करू नये. आज ज्याचा थेंब अंगावर पडताच कातडी सुजते, फोड उठतात आणि माणूस खाजवून खाजवून बेजार होतो, त्या वृक्षाचा रस त्या काळी पाण्याइतका निरुपद्रवी होता. फक्त तो काळाभोर होता आणि त्याचा डाग कधी निघत नसे. आश्रमातल्या साऱ्या बटूंची वस्त्रे एकाच घाटावर धुतली जात. म्हणून प्रत्येकाच्या वस्त्राच्या कोपऱ्यावर त्या रसाने खूण करीत. कुणाचा मासा, कुणाचे पिंपळपान, कुणाचा नांगर. ज्याची खूण त्याचे वस्त्र, असा आश्रमाचा नियमच होता.

त्या वृक्षात भल्लात नावाचा यक्ष राहत असे. महर्षींची एकुलती एक कन्या आर्द्रा पावले टाकू लागली ती याच झाडाचा बुंधा धरून. पुढे ती रोज त्याच्या मुळांना पाणी घाली, खोडाला पाठ टेकून बसे आणि दिवसभराच्या साऱ्या गोष्टी त्याला सांगे. यक्ष बोले थोडे, ऐके फार. हळूहळू त्याला असे वाटू लागले की, या मुलीवर आपलाच पहिला अधिकार आहे. प्रेमात असे वाटू लागणे हीच अनर्थाची नांदी असते. परंतु यक्षांना हे कोण सांगणार?

यथाकाल ऋषी उग्रवाक यांचा पुत्र सुहोत्र याच्याशी आर्द्रेचा विवाह ठरला. उग्रवाक नावाप्रमाणेच होते. शापासाठी त्यांच्या जिभेला फारसे निमित्त लागत नसे. विवाहाच्या अक्षता नदीला दिल्या, डोंगराला दिल्या, वटवृक्षाला दिल्या, वारुळातल्या नागालाही दिल्या. भल्लाताला मात्र कुणी दिल्या नाहीत.

"अगं, ते तर आपल्या घरचेच झाड," आर्द्रेची आई धारिणी अक्षता वाटणाऱ्या बाईला म्हणाली. "घरच्याला कसले आमंत्रण द्यायचे?"

यक्षाने ते ऐकले आणि तो रुसला. लग्नात रुसायला वराकडचेच लोक लागतात, असे थोडेच आहे! विवाहाच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, आर्द्रेचे विवाहात नेसायचे शुभ्र क्षौमवस्त्र त्याच्याच खालच्या फांदीवर वाळत घातले होते. यक्षाने एक पिकले फळ चिमटीत धरून दाबले आणि काळा टपोरा थेंब त्या शुभ्र वस्त्रावर सोडला. आर्द्रा पाहील, रागाने धावत येईल, "काय केलेस हे?" म्हणून विचारील, मग आपण मानाची गोष्ट काढू, ती हात जोडील आणि आपण क्षमा करू, असे सारे त्याने मनात मांडून ठेवले होते. पण धारिणीने वस्त्र घाईघाईत गोळा केले. डाग घडीच्या आत गेला आणि कुणाच्याच दृष्टीस पडला नाही.

दुसऱ्या दिवशी अंतरपाट धरला गेला. मंगलाष्टके संपत आली. आर्द्रेने माला उचलण्यासाठी हात वर केले, तशी पदराची घडी सुटली आणि तो काळा वाटोळा ठिपका सूर्यप्रकाशात झळकला.

"थांबा!" उग्रवाकांची गर्जना झाली. "औपगवा, ज्याची खूण त्याचे वस्त्र, हा तुझ्याच आश्रमाचा नियम ना? मग तुझ्या कन्येच्या वस्त्रावर ही कुणाची खूण आहे? ज्याची ही खूण, त्याची ही वधू! तो पुरुष कोण, ते या अग्नीसमोर सांग. नाहीतर माझा पुत्र दुसऱ्याच्या खुणेचे वस्त्र घरी नेणार नाही!"

महर्षींचा चेहरा उतरला. त्यांनी प्रत्येक बटूला, प्रत्येक वृक्षदेवतेला एकेक करून यज्ञकुंडापाशी बोलावले आणि सत्याची शपथ घालून विचारले. सर्वांनी हात झटकले. शेवटी भल्लाताची पाळी आली.

आर्द्रा त्याच्याकडे पाहत होती, आणि तिच्या त्या पाहण्यात संशयाचा लवलेशही नव्हता. खरे बोलावे तर इतक्या लोकांदेखत तोंड काळे होणार. मानासाठी रुसलेल्या त्या यक्षाला तेवढे धैर्य झाले नाही.

"भगवन्, ही खूण कुणाची ते मी जाणत नाही," तो म्हणाला.

कुंडातली ज्वाळा एकदम खाली बसली, पण तिकडे कुणाचे लक्ष नव्हते. वऱ्हाड उठले. सुहोत्राने एकदा मागे वळून पाहिले, पण वडिलांनी हाक मारताच तो मान खाली घालून निघून गेला.

त्यानंतर आर्द्रा रोज ते वस्त्र घाटावर नेऊन धुऊ लागली. राखेच्या खाराने घासले, तर डाग अधिकच काळा झाला. चुनकळीने घासले, तर तो असा पक्का बसला की जणू विणतानाच त्यात विणला होता. घासून घासून तिच्या तळहातांची साले निघाली. घाटावरच्या बायका ती आली की बोलायच्या थांबत आणि ती गेली की बोलू लागत. धारिणी पाणवठ्यावर जाईनाशी झाली. महर्षी वेद शिकवताना मध्येच अडखळत आणि तोच मंत्र पुन्हा म्हणत. अंगणातला यक्ष हे सारे पाहत होता. त्याला आपल्या पानांची सळसळसुद्धा निर्लज्ज वाटू लागली. धरणी दुभंगेल तर पोटात जाईन, असे त्याला होई; पण ज्याची मुळेच धरणीत, त्याने आणखी कुठे जायचे?

एके सायंकाळी आर्द्रा नेहमीप्रमाणे त्याला पाणी घालायला आली. सोललेल्या हातांनी तिने घडा रिता केला आणि खोडावर कपाळ टेकवून ती हळूच म्हणाली, "यक्षा, तुला विवाहाची अक्षत द्यायची राहूनच गेली रे. माझ्या आता ध्यानात आले. रागावू नकोस हं."

यक्ष कोसळलाच. तो वृक्षातून बाहेर आला आणि तिच्या पायांशी पडला. "आर्द्रे, तो थेंब मी टाकला! मान मिळाला नाही म्हणून टाकला, आणि लाजेपोटी खोटे बोललो. मला हवा तो शाप दे. पण एवढी एक भीक घाल, हे कुणाला सांगू नकोस. चारचौघांत मी तोंड कसे दाखवू?"

आर्द्रा एक पाऊल मागे सरली. मग म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? मी निर्दोष आहे हे मला ठाऊकच होते. ते ज्यांना ठाऊक नाही, त्यांना सांग."

यक्ष पुन्हा झाडाकडे सरकू लागला. तेवढ्यात यज्ञकुंडातील विझत आलेली ज्वाळा आकाशापर्यंत उसळली आणि सप्तजिव्ह, पिंगलनेत्र, सर्वसाक्षी भगवान हुताशन मूर्तिमंत प्रकट झाले.

"भल्लाता!" अग्निदेव म्हणाले. "माझ्या साक्षीने तू असत्य बोललास, आणि अजूनही लपायला कोपरा शोधतोस? तर ऐक! या क्षणापासून मी तुझ्या रसात वस्ती करीन. तू अग्निमुख होशील. तुला जो शिवेल, त्याच्या अंगावर फोड उठतील, दाह होईल, कंड सुटेल. तू जे पोटात दडवलेस, ते जगाच्या कातडीवर फुटून दिसेल! सूर्यास्त होताच तुझा हा देह वृक्षात विलीन होईल, आणि मग तुला वाचा राहणार नाही."

यक्षाने मान खाली घातली. आर्द्रा मात्र हात जोडून पुढे झाली.

"देवा, न्याय तुमचा आहे, पण तो वाट चुकला. अपराध याचा, मग फोड लोकांना का? उद्या एखादी लाकडे वेचणारी याच्या फांदीला हात लावील. तिने काय केले आहे?"

देवांनाही कधीकधी असा प्रश्न विचारणारे कुणीतरी लागते.

"कन्ये, दिलेला शाप मला परत घेता येत नाही," ते म्हणाले. "उःशाप तू माग."

"मग स्नेहापुढे तुम्ही शांत व्हाल, एवढे वचन द्या."

"स्नेहापुढे?" अग्निदेव हसले. "मुली, स्नेह म्हणजे तेल, स्नेह म्हणजे तूप. तो घातला की मी भडकतो, हे त्रैलोक्य जाणते."

"स्नेहाचा दुसराही अर्थ आहे, भगवन्."

ज्वाळा मंद झाली. "तथास्तु. इतरत्र स्नेहाने मी पेटेन, पण भल्लाताच्या रसात असताना स्नेहापुढे हार मानीन. जो आधी हाताला तेल चोळील, त्याला हा रस सहसा बाधणार नाही. ज्याला बाधेल, त्याने तत्काळ गार पाण्याने अंग धुवावे आणि अंगावरचे वस्त्रही धुवावे. मग तीळ दुधात वाटून लोण्याबरोबर लावावेत, किंवा ओल्या नारळाचे दूध लावावे. चिंचेच्या पाल्याचा लेपही चालेल. कितीही कंड सुटली तरी नखे लावू नयेत. आणि याचे लाकूड कुणी चुलीत घालू नये. त्याच्या धुरातही मी असेन."

एवढे बोलून हुताशन अंतर्धान पावले. सूर्य डोंगरावर टेकत होता. यक्षाने आर्द्रेपुढे हात पसरला. तिने ते डागाळलेले वस्त्र, डागाला न शिवता, आतून आणून त्याच्या हाती टाकले, आणि तो वाऱ्याच्या वेगाने उग्रवाकांच्या आश्रमाकडे धावला.

तिथे संध्यावंदनासाठी सारे जमले होते. त्या भरल्या सभेत यक्ष उभा राहिला आणि त्याने काहीही न लपवता सर्व सांगितले. आपला रुसवा सांगितला, आपला भेकडपणा सांगितला. "आर्द्रा निष्कलंक आहे. कलंक मी आहे," हे शेवटचे वाक्य बोलताना त्याची मान इतकी खाली गेली की पुन्हा कधी वर आली नाही. उग्रवाकांनी ते वस्त्र त्याच्या हातातून हिसकावून घेतले, ठिपका डोळ्यांजवळ नेऊन निरखला, बोटांनी चोळून पाहिला, आणि त्याच हाताने विचारमग्न होऊन दाढी कुरवाळली. सूर्य मावळला. यक्ष होता तिथे नुसती वाळकी पाने उरली.

सकाळी उग्रवाकांचे तोंड भोपळ्यासारखे सुजले होते. डोळे दिसेनात, ओठ हलेनात. ज्या जिभेने त्रैलोक्य कापे ती आता नुसतीच 'ऊं ऊं' करीत होती. सुहोत्राने त्यांना पाठीवर घेतले आणि तो औपगवांच्या आश्रमी आला. कुणी काही बोलायच्या आत आर्द्रेने तीळ वाटायला घेतले. गार पाण्याने तिने त्यांचे तोंड धुतले, लेप लावला, आणि खाजवू नये म्हणून त्यांचे हात स्वतःच्या हातांत धरून बसली. ज्या हातांची साले त्यांच्याच शब्दांपायी निघाली होती, ते हात उग्रवाकांना स्पर्शाने कळले. त्यांच्या सुजलेल्या पापण्यांतून पाणी वाहू लागले.

दाह शमल्यावर ते म्हणाले, "मुली, मी डाग पाहिला आणि तुला पाहिलेच नाही. मला लाज वाटते. झाले गेले विसरून जा. सुहोत्र आलाच आहे. आजच लग्न लावू."

आर्द्रेने सुहोत्राकडे पाहिले. तो तेव्हाही खालीच पाहत होता.

"मुनिवर, लेप आणखी काही दिवस लावत राहा," ती म्हणाली. "पण विवाह नको. त्या दिवशी मंडपात यांनी एक शब्द उच्चारला असता, तर मी जन्मभर यांच्या मागून गेले असते."

पितापुत्र खाली मानेने परत गेले. पुढे आर्द्रेने त्याच आश्रमात दाहपीडितांची सेवा केली, आणि तिळाचा व नारळाचा तो उपचार तिच्याकडूनच गावोगाव पोहोचला. आजही बिब्बा उतून कुणाच्या अंगावर फोड आले की घरची बाई आधी खोबरे नाहीतर तीळ शोधते, ती चाल तेव्हाची. आणि जुळत आलेले कार्य कुणी मध्येच नासवले की 'याने बिब्बा घातला' असे लोक म्हणतात, तीही तेव्हाचीच. भल्लातकाचे फळही पाहावे: वर केशरी देठ, आणि त्याखाली लोंबणारे काळे तोंड. आत मात्र गोडांबी असते, गोड आणि पौष्टिक, बाळंतिणीच्या लाडवात घालण्याजोगी. पण तिथवर पोहोचायला काळा अग्नी ओलांडावा लागतो.

आर्द्रेने त्या झाडाला पाणी घालणे सोडले नाही. फळांच्या दिवसांत ती गोडांबीसाठी बिब्बे गोळा करायलाही येई. तिने त्याला क्षमा केली होती, असे सर्वजण म्हणत, आणि ते खरेच असावे. पण पूर्वी जी धावत येऊन खोडाला मिठी मारी, ती आता चार पावले अलीकडेच थांबे, कमरेची तेलाची कुपी काढी आणि कोपरापर्यंत दोन्ही हातांना सावकाश तेल चोळी. ते पुरते जिरेपर्यंत ती तिथे उभी राही. वाचा गेलेल्या यक्षाला ते सारे समोर दिसत असे, आणि मगच ती झाडाला हात लावी.