शिवेबाहेरचे रान

शके सतराशे ब्याण्णव, चैत्र महिना, अमावास्येचा दिवस. दोन गावांच्या मधोमध एका शेतकऱ्याचे रान होते. शिवेचा दगड मातीत गाडला गेला होता. त्यामुळे रान कोणत्या गावचे, हे कुणालाच ठाऊक नव्हते.

वरच्या गावचा कोतवाल शेतसारा मागायला आला की शेतकरी म्हणे, "मी खालच्या गावचा." खालचा आला की म्हणे, "अहो, मी वरचा!" सात वर्षे त्याने दोघांना रिकाम्या हाताने धाडले. जमिनीतले धान्याचे पेव ज्वारीने भरले.

त्या दिवशी दोन्ही गावांचे गुरव शिव बांधायला निघाले. गावाभोवती दहीभात टाकत फिरायचे, म्हणजे बाहेरचे काही आत शिरत नाही, अशी रीत होती.

वरच्या गुरवाने विचारले, "बाबा, तुझे रान आत घेऊ का?"

आत घेतले तर सारा आला. शेतकरी म्हणाला, "बाहेरच ठेवा."

खालच्या गुरवालाही त्याने तेच सांगितले.

"मग तू राहणार कुठे?"

"आहे तिथेच की! रान काय पळून जातंय?" दोन्ही गुरवांनी त्याचे रान वगळून शिव बांधली.

दुपारी त्याच्या लेकीला फणफणून ताप भरला. तिला खांद्यावर टाकून तो खालच्या गावच्या वैद्याकडे निघाला. देवळाची घंटा समोरच वाजत होती. ओढा लागला, बाभळ लागली, आणि पुढे त्याचे स्वतःचेच खळे लागले.

तो वरच्या गावाकडे वळला. तिकडे ओढा नव्हताच. तरी ओढा लागला, बाभळ लागली, आणि खळे.

पोर पुटपुटली, "बाबा, आपण कुठल्या गावचे?"

तो तिला घेऊन ओढ्याकडे धावला.

ओढ्यापलीकडे दोन्ही कोतवाल उभे होते. त्याने घसा फुटेस्तोवर हाका मारल्या. ते त्याच्याकडेच बघत होते.

एक म्हणाला, "इथे कुणी राहत होतं ना रे?"

"छे! हे रान मोकळंच."

शेतकऱ्याने पेव उघडले. चौदा पोती भरून गाडीत घातली, वर लेकीला निजवले आणि गाडी ओढ्यावर आणली.

"सात वरच्या गावची, सात खालच्या. दोघांशी खोटं बोललो."

चौदावे पोते खाली ठेवताच एक कोतवाल दचकला. "अरे, तू कधी आलास? आण ती पोर इकडे."

तात्पर्य: गावात जागा हवी, तर गावाचे देणे द्यावे. त्याने ते दिले.