पेद्रू मास्तरांच्या मागे आलेलं पत्र

“आधी तुम्ही मनातल्या मनात वाचा, फादर. त्यात माझं नाव आहे का, तेवढं सांगा.”

फादर मिनेझिस यांनी पत्रावरून नजर फिरवली.

“आहे.”

इनास तुस्कानो मटकन बाकावर बसला.

वसईतल्या या वृद्ध धर्मगुरूंना फ्रेंच येत होतं, म्हणून तो सकाळीच त्यांच्याकडे आला होता. पत्र होतं पॅरिसच्या सोलांज मारव्हो यांचं. त्या उंची पोशाख बेतायच्या आणि त्यांवरचं भरतकाम वसईत पेद्रू मास्तर करायचे. वीस वर्षं. मास्तर महिन्यापूर्वी गेले. मादामनी त्यांच्या बायकोला, नातालकाकूंना, सांत्वनाचं पत्र स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. काकूंनी ते वाचून आणायला इनासकडे दिलं होतं. चार पानं, निळी शाई, मध्येमध्ये खाडाखोड.

इनास मास्तरांचा शिष्य. चाळिशी उलटलेला, हाताचा पक्का, मानेचा ताठ.

“काय लिहिलंय माझ्याबद्दल?”

“तुला काय वाटतं?”



“शेवटची दोन वर्षं मास्तरांचा हात थरथरायचा, फादर. ते घरी जेवायला गेले, की मी त्यांचे टाके उसवायचो. ते यायच्या आत पुन्हा भरून ठेवायचो. त्यांना कळू दिलं नाही.”

“का?”

“त्यांची लाज राखायला.”

“तेवढ्यासाठीच?”

“...माझा टाका त्यांच्याहून सरस होता. तो पॅरिसला दिसावा, असंही वाटायचं.”

“बरं.”

“मादामच्या नजरेतून काय सुटणार? फसवणूक ओळखली असेल त्यांनी. आता काकूंच्या समोर मास्तरांची अब्रू जाणार. माझ्यामुळं.”

फादरनी तिसरं पान वर घेतलं आणि सावकाश मराठीत सांगायला सुरुवात केली.

“‘बाई, दोन वर्षांपूर्वी तुमच्या पतीनं मला कळवलं होतं : माझा हात आता चालत नाही. मी जेवायला गेलो, की इनास माझे टाके उसवतो आणि नव्यानं भरतो. मला माहीत नाही, असं त्याला वाटतं. म्हणून मी हल्ली जेवायला जरा जास्त वेळ लावतो.’”

इनासनं मान वर केली.

“‘त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. हे मी त्याला सांगणार नाही, आधीच फार चढलाय. तुम्हीही सांगू नका. तो संकोचानं थांबेल, आणि मग सकाळी उठून मी जायचं कुठं? माझ्या मागे मात्र त्याला कळू द्या.’”

फादरनी पान खाली ठेवलं.

इनास हसायला लागला. हसता हसता त्यानं तोंड ओंजळीत धरलं. त्याचे खांदे हलत राहिले... फादर बागेकडे बघत बसले.

मग त्यानं डोळे पुसले. छातीवरचं ओझं कुणी उचलून बाजूला ठेवावं, तसा लांब श्वास सोडला.

“दोन वर्षं रोज दाराकडे कान लावून काम केलं मी! आणि म्हातारा मुद्दाम उशिरा यायचा.”

“हं.”

“पण फादर... मास्तरांना फ्रेंच कुठं येत होतं? त्यांचं ते पत्र कुणी लिहून दिलं?”

“मी.”



“म्हणजे तुम्हालाही ठाऊक होतं! दर रविवारी मला भेटायचात. एका शब्दानं बोलला नाहीत?”

“त्यानं नको म्हटलं होतं.”

“आणि काकूंना? त्यांनाही ठाऊक आहे?”

“मला ती तसं कधी म्हणाली नाही. पण त्याला जेवायला वाढायची तीच.”

इनासनं पत्राची नीट घडी केली, पाकिटात घातली. दारापर्यंत गेला आणि घुटमळला.

“मग हे त्यांना सगळं सांगू? की तेवढा भाग गाळू?”

“सगळं सांग,” फादर म्हणाले. “आणि ऐकून तिनं आश्चर्य दाखवलं, तर ते खरं मान.”