केरबाने नोंदवलेली यंत्रं

गावात यंत्र आणून ठेवायचं, फीत कापायची, पेढे खायचे, फोटो काढायचे आणि ते चालवायचं कसं हे विचारलं की गाडीत बसून काच वर करायची, ही कुठली रीत? असं करणारे पुढच्या गावी पोचतात आणि तिथेही फीत कापतात. मागे राहिलेल्यांचं काय होतं, ते ऐका.

असंच मागे राहिलेलं एक गाव होतं, बोरगेवाडी. त्या गावाच्या वाचनालयात केरबा नावाचा एक भोळा शिपाई होता. सांगितलेलं काम करायचा. अगदी सांगितलं तसंच करायचा. अडचण तेवढीच होती.

वाचनालयात इंटरनेट आलं. सगळ्यात जास्त आनंद केरबालाच झाला. त्याची भाची तनुजा नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेला बसणार होती. परीक्षा सोमवारी, लॅपटॉपवर. घरी इंटरनेट नाही, आणि लॅपटॉपची बॅटरी अशी म्हातारी की वायर काढली की थोड्या वेळात मान टाकायची. वाचनालयात टेबल होतं, वीज होती, आता इंटरनेटही होतं. परीक्षा हुकली तर वर्ष जाणार.

"मामा, सगळं तुझ्यावर आहे हं," तनुजा म्हणाली.

"काळजी करू नकोस," केरबा म्हणाला. आणि काळजीचं कारण तिथूनच सुरू झालं.

ग्रंथपाल विजूताईंनी नियम केला होता. जे यंत्र आधी नोंदवलेलं असेल, त्यालाच इंटरनेट मिळेल. नाहीतर अख्खं गाव ओट्यावर बसून फुकट सिनेमे बघेल. नोंदवायचं म्हणजे यंत्राचा नेटवर्कचा पत्ता घ्यायचा. अंक आणि अक्षरं, जोड्याजोड्यांनी लिहिलेली.

"केरबा, आधी आपल्या कॉम्प्युटरचा काढ," ताई म्हणाल्या. "काळ्या पडद्यावर मी सांगते ती आज्ञा लिही, एंटर दाब आणि पत्ता घेऊन ये."

केरबाने अक्षर अक्षर शोधून आज्ञा लिहिली. पडदाभर ओळी आल्या. त्यातली एक त्याला आवडली. ती त्याने तळहातावर उतरवली.

ताईंनी तळहात बघितला. "अरे, हा नको! हा राउटरने आजच्यापुरता दिलेला. उद्या बदलेल. बदलणारं घ्यायचं नाही. कारखान्यात जणू अंगावर कोरलेला असतो, जन्मभर पुसला जात नाही, तो घ्यायचा. समजलं?"

"समजलं ताई. बदलणारं नको. कोरलेलं घ्यायचं."

केरबाने मनाशी खूणगाठ बांधली.

दुसऱ्या दिवशी ताईंनी त्याला सरपंचांच्या फोनचा पत्ता आणायला त्यांच्या घरी पाठवलं. सरपंच बाहेरगावी होते. फोन चार्जिंगला लावून घरीच विसरले होते. दारात सरपंचीणबाई उभ्या.

"वहिनी, हा फोन किती दिवसांचा?"

"अरे, ह्यांचं काय विचारतोस! दर दिवाळीला नवा. माणूस बदलता येत नाही म्हणून फोन बदलतात."

केरबाने फोन खाली ठेवला. बदलणारं. "वहिनी, घरात जन्मभर टिकणारं, कोरलेलं असं काही आहे?"

सरपंचीणबाईंनी विचार केला आणि त्याला स्वयंपाकघरात नेलं.

केरबा परत आला तो तळहातच काय, मनगटापर्यंत लिहून. ताईंनी वाचलं. 'चि. बाजीराव व चि. सौ. कां. शैला यांच्या विवाहाप्रीत्यर्थ थोरल्या आत्याकडून सप्रेम भेट.'

"हे काय आहे?"

"पाण्याचं पिंप, ताई. स्टीलचं. वहिनी म्हणाल्या, अजून एक अक्षर पुसलेलं नाही."

"पिंपाला इंटरनेट कशाला रे?"

ते केरबाला माहीत नव्हतं. फोनला कशाला, तेही त्याला नक्की माहीत नव्हतं.

ताईंनी दीर्घ श्वास घेतला. "फोनवर काही कोरलेलं नसतं. सेटिंग उघडायचं, त्यात वाय-फाय, त्यात पत्ता दिसतो. आणि नीट ऐक. हल्लीचे फोन लबाड असतात. ओळख लपवायला पहिल्यांदा खोटा पत्ता दाखवतात. पहिल्या उत्तरावर विश्वास ठेवायचा नाही. खरा मिळेपर्यंत सोडायचं नाही."

"बरं ताई. पहिलं उत्तर खोटं. सोडायचं नाही."

केरबाने मनाशी खूणगाठ बांधली आणि निवृत्त झालेल्या टोणपे गुरुजींकडे गेला.

"गुरुजी, तुमचा मोबाइल द्या. नोंदवायचा आहे."

"माझ्याकडे मोबाइल नाही रे बाबा."

केरबा गालात हसला. "हे झालं पहिलं उत्तर. आता खरं सांगा."

"अरे, खरंच नाही!"

"आणखी खरं सांगा."

गुरुजी चिडले. मग हसले. मग परत चिडले. गुरुजींच्या बायकोने चहा दिला. केरबाने चहा घेतला, पण हटला नाही. गुरुजी जेवले. केरबा उंबऱ्यावर. गुरुजी झोपले. केरबा उंबऱ्यावर. उठून बघतात तो केरबा तिथेच, आणि चेहऱ्यावर राग नाही, लोभ नाही, नुसती वाट बघणं.

शेवटी गुरुजींनी उशाशी हात घातला, हाताला लागेल ते उचललं आणि केरबाच्या ओंजळीत टाकलं. "घे! आणि जा एकदाचा!"

"बघा," केरबा प्रेमाने म्हणाला, "होता की नाही?"

ताईंनी कपाळाला हात लावला. "केरबा, हा टीव्हीचा रिमोट आहे."

"ताई, खूप खणल्यावर निघालाय. खराच असणार."

"अरे देवा! माणसाला नसतं खोदून विचारायचं, यंत्राला विचारायचं! माणूस तोंडाने काय सांगतो ते सोडून दे. यंत्राची नोंद आहे की नाही, तेवढं बघ."

"बरं ताई. माणसाचं ऐकायचं नाही."

खूणगाठ.

तनुजाचा लॅपटॉप मात्र ताईंनी स्वतः नोंदवला. पत्ता खरा, नोंद बरोबर, इंटरनेट सुरू. तनुजा खूश. केरबाच्या डोळ्यांत पाणी आलं. रविवारी संध्याकाळी निघताना ताईंनी शेवटची सूचना दिली.

"उद्या पोरीची परीक्षा. गर्दी करू देऊ नकोस. ज्याची नोंद आहे त्यालाच आत घ्यायचं. बाकी कोणी असो, जाळीचं दार बंद."

"सरपंच आले तर?"

"नाही."

"गुरुजी?"

"नाही रे!"

"तुम्ही आलात तर?"

"मी आले तरी नाही!" ताई वैतागून म्हणाल्या आणि चपला घातल्या.

सोमवार उजाडला. केरबाने जाळीचं दार ओढलं, आतून कुलूप घातलं आणि किल्ली सदऱ्याच्या आत टाकली. आज भाचीसाठी जीव गेला तरी चालेल, असं त्याने ठरवलं होतं.

तनुजा आली. वाय-फाय ओट्यापर्यंत पोचत होतं. तिने तिथेच लॅपटॉप उघडून परीक्षेचं पान काढलं, आपला क्रमांक घातला. आता फक्त फोटो काढून ओळख पटवायची राहिली. पण बॅटरी मान टाकायला लागली.

"मामा, दार उघड. वायर लावायला हवी."

"लॅपटॉप दे आधी." केरबाने फटीतून लॅपटॉप घेतला, पत्ता तपासला. नोंद होती. त्याने तो टेबलावर ठेवला, वायर लावली, समोर खुर्चीसुद्धा नीट मांडली. मग दाराशी परत आला. "आता तुझी नोंद?"

"मामा! मी तनुजा! तुझी भाची!"

"माणूस काय सांगतो ते सोडून द्यायचं," केरबा हळूच म्हणाला. त्याला वाईट वाटत होतं. पण कर्तव्य ते कर्तव्य.

तेवढ्यात ताई धावत आल्या. "केरबा, दार उघड!"

"ताई, काल तुम्हीच म्हणालात, मी आले तरी नाही."

"आज मीच म्हणते, उघड!"

केरबाने दोन्ही तोंडांकडे पाहिलं. एक लाल, एक रडवेलं. आज बोलणाऱ्या ताई खऱ्या की काल बोललेल्या? कालच्या ताई त्यामानाने शांत होत्या. त्याने कालच्यांचं ऐकलं.

अशात मंजुळाआजी आल्या. वाचनालयाच्या माठातलं पाणी थंड असतं, म्हणून त्या रोज यायच्या. गजांना धरून उभ्या राहिल्या, तसा त्यांच्या हातावरचा पदर सरकला. हातभर हिरवं गोंदण. तुळस, पाळणा आणि मधे आजोबांचं नाव.

केरबाचे डोळे चमकले. "आजी, हे पुसतं का हो?"

"कशाचं पुसतंय! माझ्यासंगं सरणावरच जायचं."

"आत या."

आजी आत गेल्या. दार परत बंद. बाहेर तनुजा आणि ताई खिडकीकडे धावल्या. गजांतून बघतात तो आजी पाणी पिऊन, दमून, मांडलेल्या खुर्चीवर बसल्या होत्या. समोरच्या पडद्यावर त्यांना स्वतःचा चेहरा दिसला. आजींनी पदर सारखा केला. कुंकू बघितलं. खाली एक हिरवं बटण होतं, आजी जुन्या चौथी पास होत्या, त्यांनी वाचलं आणि दाबलं.

"आजी, नको!" तनुजा किंचाळली.

आजी वळल्या आणि हसल्या.

"अगं पोरी, ह्या आरशात माझा फोटो निघाला बघ. ओळख पटली म्हणतंय, वेळ सुरू झाली म्हणतंय. आता रडत बसू नको. तू गजांतनं उत्तरं सांग, मी दाबते. नर्स कोण व्हायचं ते मागनं बघू!"