गाडीवानाचं पान

"आणि राजपुत्र त्या दिवशी पकडलाच गेला नसता, तर?"

प्राध्यापक यदुनाथ खांबेटे यांनी प्रश्न टाकला आणि चष्मा पुसायला घेतला. वर्गात ते असंच करत. चष्मा पुसून होईपर्यंत कुणी बोलायची हिंमत करत नसे.

धुंडिबुवा मठाच्या ओसरीवर संध्याकाळच्या भाजीचा घेवडा निवडत बसले होते. त्यांनी एका शेंगेची शीर काढली.

"कुठला राजपुत्र?"

"प्रशियाचा. युरोपातलं राज्य, अठरावं शतक. बाप भयंकर तापट. पोराला बासरीचं वेड, पुस्तकांचं वेड. बापाला दोन्हीचा तिटकारा. चारचौघांत मारायचा पोराला. शेवटी पोरगा एका मित्राला हाताशी धरून पळायला निघाला आणि सापडला. राजानं त्याला कोठडीत टाकलं, आणि त्या मित्राचं डोकं उडवलं. पोराच्या खिडकीसमोर."

बुवांचा हात थांबला.

"अरेरे."

खांबेट्यांना ही दाद काही पसंत पडली नाही. प्रशियाबद्दल कुणी अरेरे म्हणावं म्हणून ते इतक्या लांब आले नव्हते.

त्यांनी पिशवीतून सहाशे पानांचं बाड काढलं. तसं न होता काय होऊ शकलं असतं, याच्या अकरा कथा त्यात होत्या. एकीत घोडे वेळेवर येतात आणि राजपुत्र इंग्लंड गाठतो. एकीत मित्र वाचतो. एकीत आई मध्ये पडते. सातवीत पोरगा स्वतःच बासरी सोडतो आणि शहाण्यासारखा वागू लागतो. सातवी त्यांची विशेष लाडकी होती.

"आणि राजा?" बुवांनी विचारलं.

"राजाचं काय?"

"तो कुठल्या गोष्टीत बदलतो?"

"राजा नाही बदलत, बुवा. त्याचा स्वभावच ताठ. तो वाकला तर गोष्टच उरत नाही."

बुवांनी पुढची शेंग उचलली.

"अकरा लिहून झाल्या, पण पटत एकही नाही. तुमचं नाव ऐकलं म्हणून आलो. यातली कुठली खरी वाटते, तेवढं सांगा."

"जेवायची वेळ झाली," बुवा म्हणाले. "सोबत कोण आहे?"

"कुणी नाही. गाडी चालवायला आहे एक जण."

तो एक जण म्हणजे त्यांचा मुलगा हेरंब.

सहा वर्षांपूर्वी हेरंबनं कॉलेजातली नोकरी सोडली आणि बेकरी टाकली. त्या दिवशी घरी पूजा होती, पन्नास पानं उठायची होती. भरल्या घरात खांबेटे म्हणाले होते, "आजपासून तू मला मेलास." माणसाच्या तोंडून जाऊ नये तो शब्द गेला होता आणि परत घ्यायला मात्र तोंड उघडत नव्हतं.

आता येत्या गुरुवारी हेरंब बायकोमुलींना घेऊन न्यूझीलंडला चालला होता. कायमचा. बाबांचा मोतीबिंदू पिकलाय, त्यांना गाडी चालवता येत नाही, हे कुणाकडून तरी कळलं म्हणून तो आपण होऊन दारात आला. "मी सोडतो," एवढंच म्हणाला. पुढच्या चार तासांत दोघांत दोन वाक्यं झाली.

"एसी वाढवू?"

"नको."

काहीतरी बोलायचं, असं खांबेटे सकाळीच ठरवून निघाले होते. प्रत्येक टोलनाक्यावर त्यांनी ते पुढच्या टोलनाक्यावर ढकललं.

"मग त्याला आधी बोलवा," बुवा म्हणाले. "इथं पहिलं पान गाडीवानाचं. बैलगाड्या यायच्या तेव्हापासूनची रीत आहे. ज्यानं आणलं, त्याला आलेल्यानं आपल्या हातानं वाढायचं. मग स्वतः बसायचं."

"अहो, पण..."

"रीत आहे."

खांबेट्यांनी पुन्हा चष्मा काढला. या वेळी तो पुसायचं राहून गेलं.

"तो... माझा मुलगा आहे, बुवा."

"गाडी त्यानंच आणली ना?"

"हो."

"मग झालं तर."

हेरंब आला. हात धुऊन ओसरीवरच मांडलेल्या पत्रावळीसमोर मांडी घालून बसला. त्याच्या हातांवर भट्टीचे जुने चटके होते. ते खांबेट्यांनी आज पहिल्यांदा पाहिले, आणि त्यांना फार वाईट वाटलं.

कुणीतरी त्यांच्या हातात आमटीचं भांडं आणि पळी दिली.

भातावर किती घालायची? मुलगा हल्ली किती जेवतो, तिखट चालतं की नाही, काहीच त्यांना ठाऊक नव्हतं. प्रशियाच्या राजवाड्यात कोण काय जेवायचं, ते मात्र तळटिपांसकट पाठ होतं.

ते ताठ उभे राहिले. पळी तिरपी केली. अर्धी आमटी हेरंबच्या बाहीवर सांडली.

हेरंबनं वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"राहू दे, बाबा. मी घेतो."

सहा वर्षांनी कानावर आलेलं 'बाबा'. आणि त्यासोबत आयती सुटका. पळी भांड्यात सोडली की काम झालं. मग जेवण, परतीचे चार तास, आणि गुरुवार.

खांबेटे पळी धरून तसेच उभे राहिले. त्यांनी बुवांकडे पाहिलं.

बुवा शेंगेची शीर काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"वाकून वाढा, सर. उभ्यानं सांडतं."