मुकाईची मुकी घंटा

मुकाईच्या देवळात शिरताना हात सवयीने वर जातो आणि तसाच राहतो. घंटा आहे, पण तिच्यात लोलक नाही. शेजारी स्वमग्न मुलामाणसांचे ‘आवडीचे घर’ आहे. त्याच्या कमानीलाही अशाच घंटांची रांग टांगलेली. वाऱ्यावर त्या डुलतात, वाजत नाहीत. देवळासमोरच्या पायऱ्या थेट डोहात उतरतात. देवीचे मूळ नाव आता कुणाला आठवत नाही.

फार पूर्वी या गावात धुरपदा नावाची विधवा राहत असे, असे सांगतात. तिची लेक आवडी बोलत नसे, हाकेला वळत नसे, दिवसभर नदीतले गोटे ओळीने मांडत बसे. निदान करायला गावाला वैद्य लागत नाही. पोर बहिरी आहे, हे लोकांनी ठरवून टाकले. गुरवाने त्यावर कडी केली.

“बाहेरचं हाय ह्ये, कानात बसलंय,” तो म्हणाला. “जत्रंत आईनंच घंटा वाजवायची. बाधा पाठी सरंल, पाण्यात उतरंल. मधी थांबायचं न्हाई.”

धुरपदाच्या मनात पाल चुकचुकली. पण आपल्यामागे या लेकराला कोण बघणार, या घोराने तिची झोप कधीच उडाली होती.

जत्रेच्या दिवशी भर दुपारी तिने घंटेची दोरी धरली आणि आवडीला दारात समोर उभे केले. पहिल्या टोल्याला पोरीने कान गच्च दाबले आणि ती मागे सरली. बाधा हलली, असे लोक पुटपुटले. धुरपदाचे काळीज सुपाएवढे झाले. तिने आणखी जोराने दोरी ओढली. पोर मागे मागे जात पायऱ्या उतरू लागली. कुणी आडवे गेले नाही. बाधेच्या वाटेत कोण येणार? कमरेइतक्या पाण्यात आवडीने तोंड उघडले. ती ‘आये’ म्हणाली, म्हणे. जन्मात पहिल्यांदा. धुरपदाला तिचे ओठ हललेले दिसले, ऐकू काहीच आले नाही. तिने दोरी सोडली तेव्हा डोहावर नुसती वलये होती.

मग तिने घंटेतला लोलक उपसला आणि डोहात फेकला. “हितं पुन्यांदा घंटा वाजली, तर डोह आपल्यातलं मानूस मागून घील,” असे ती म्हणाली. गाव देवीच्या कोपाची वाट पाहत राहिले. देवी गप्पच होती.

पुढच्या जत्रेला घाटाखालून एक बाई तसाच मुलगा घेऊन आली. धुरपदा खालच्या पायरीवर पाण्याकडे पाठ करून उभी होती. “त्येला माझ्याजवळ ठिव. तूबी ऱ्हा,” ती म्हणाली. एका झोपडीच्या दोन झाल्या, मग लांबलचक मातीचे घर, आणि पुढच्या पिढ्यांच्या काळात संस्था, शिक्षक, मोठ्यांसाठी चटया विणायचे माग. येणारे प्रत्येक कुटुंब घरची घंटा आणते. लोलक डोहात जातो. आपल्यामागे कोण, हा प्रश्न घेऊन आलेल्या आयांना इथे झोप लागू लागली.

आजही जत्रेच्या दिवशी या आया खालच्या पायरीवर डोहाकडे पाठ करून, हातात हात गुंफून उभ्या राहतात. मधेच एखादीला मागून ‘आये’ अशी हाक ऐकू येते, म्हणे. तेव्हा वळायचे नाही आणि शेजारणीचा हात सोडायचा नाही, एवढे तिला आधीच सांगून ठेवलेले असते.